पेठच्या पाड्यांसाठी आलेली देणगी

2022 च्या दिवाळीत जर्मनीहून मावसभावाचा फोन आला. "ताई, इथल्या शाळेतल्या पोरांनी धावून पैसे जमवलेत. भारतातल्या मुलांच्या शिक्षणाला द्यायचेत म्हणतात. तुमच्या ट्रस्टचा खाते क्रमांक पाठव." तिकडच्या शाळांत ही पद्धत आहे. मुलं मैदानाला फेऱ्या मारतात आणि आजी-आजोबा, शेजारीपाजारी दर फेरीमागे ठरलेली रक्कम देतात. त्याच्या गावातली एक लहानशी संस्था तो निधी सांभाळते, त्यात स्वतःची भर घालते आणि दरवर्षी एखाद्या कामाला देते.

नाशिकमधल्या आम्ही सात जणांनी 2018 साली हा ट्रस्ट नोंदवला. काम एवढंच, की पेठ तालुक्यात करंजाळीच्या आतल्या बाजूला तीन पाडे आहेत, तिथे महिन्यातून दोनदा पुस्तकांची पेटी घेऊन जायचं. मी बँकेतून निवृत्त झालेली, म्हणून हिशेब आणि कागद माझ्याकडे. अध्यक्ष गुरुजी. त्यांची सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत गेली. तीन वर्षांत मिळून आमचा खर्च सहा लाखांच्या आसपास. त्यामुळे फोन ठेवल्यावर मला झोप लागली नाही, इतका आनंद झाला होता. खाते क्रमांक सकाळी कळवायचा असं ठरवून टाकलं.

सकाळी तो कळवण्याआधी सीए मॅडमना सहज सांगितलं, आणि त्यांनी तिथेच थांबवलं. "साध्या खात्यात परदेशातला एक रुपयाही घेऊ नका," त्या म्हणाल्या. मी विचारलं, भावाने स्वतःच्या पगारातून पन्नास हजार दिले तर? त्यांनी उलट विचारलं, "पासपोर्ट कुठला आहे त्यांचा?" इथे खरी मेख आहे आणि लहान संस्था इथेच फसतात, म्हणून जरा सविस्तर सांगते. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेला पैसा एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्यात विदेशी योगदान धरला जात नाही. पण तोच माणूस तिकडचा नागरिक झाला असेल, तर त्याच्याकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारं) असलं तरी त्याची देणगी विदेशी ठरते. माझ्या भावाने काही वर्षांपूर्वी जर्मन नागरिकत्व घेतलं होतं. म्हणजे तो नाशिकच्या गल्लीत वाढला असला तरी त्याचे पन्नास हजारही आम्हाला घेता येणार नव्हते, मग संस्थेचे तर दूरच.

परदेशी देणगी घ्यायचे रस्ते दोन. एक, कायमची नोंदणी. त्यासाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि गेल्या तीन आर्थिक वर्षांत मूळ उद्दिष्टांवर निदान 15 लाख रुपये खर्च झालेला हवा. तो रस्ता आम्हाला बंद होता. दुसरा, पूर्वपरवानगी. ठरावीक देणगीदार, ठरावीक रक्कम, ठरावीक काम, आणि तेवढ्यापुरतीच परवानगी. त्याचा अर्ज एफसी-3बी. तो गृह मंत्रालयाकडे ऑनलाइन जातो आणि त्यासोबत देणगीदाराचं वचनपत्र जोडावं लागतं, कशासाठी किती देणार हे स्पष्ट लिहिलेलं.

वचनपत्र हवं तर काम आधी नेमकं ठरायला हवं. आणि तिथे आम्ही अडखळलो.

तिकडच्या संस्थेने मोकळ्या मनाने सुचवलं होतं, तीस टॅब्लेट घ्या, त्यात मराठीतले धडे भरून द्या. मलाही ते पटलं होतं. फोटोत छान दिसलं असतं, हिशेबालाही सोपं. एका बिलात काम झालं असतं. गुरुजी मात्र गप्प राहिले. दोन दिवसांनी घरी आले आणि म्हणाले, "आधी पोरांना काय येतं ते बघू. मग काय मागायचं ते ठरवू."

त्यांच्या बोलण्यामागे अनुभव होता. 1994 मध्ये देशात जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, सगळे त्याला डीपीईपीच म्हणायचे. 1990 साली थायलंडमधल्या जोमतिएनला 'सर्वांसाठी शिक्षण' ही जागतिक परिषद झाली, त्यानंतरच्या हवेत तो आकाराला आला. जागतिक बँक, युरोपीय समुदाय, ब्रिटन, नेदरलँड्स, युनिसेफ अशांची मदत त्यात होती. खर्चाचा 85 टक्के वाटा केंद्राकडून आणि 15 टक्के राज्याचा. महाराष्ट्रात सुरुवात मराठवाड्यातल्या जिल्ह्यांपासून झाली. आपल्या नाशिकचा त्यात नंबर नव्हता, पण गुरुजींचे मेव्हणे लातूरकडे शिक्षक होते आणि गुरुजी सुट्टीत त्यांच्याकडे जाऊन ते काम बघत. त्या कार्यक्रमातल्या खोल्यांपेक्षा आणि साहित्यापेक्षा त्यांच्या लक्षात राहिली ती केंद्रावरची बैठक. आजूबाजूच्या आठ-दहा शाळांचे शिक्षक महिन्यातून एकदा एकत्र बसत आणि "माझ्या वर्गात हे जमत नाही" असं एकमेकांना उघडपणे सांगत. ते म्हणतात, "बाहेरच्या पैशाने झालेलं सगळ्यात मोलाचं काम तेच, आणि त्याला खर्च सगळ्यात कमी."

तर आम्ही मुलांना वाचायला लावून बघायचं ठरवलं. पद्धत असरचीच, म्हणजे ग्रामीण मुलांना किती वाचता येतं ते बघणाऱ्या सर्वेक्षणाची, देशभर वापरतात ती: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. मूल कुठल्या पायरीवर आहे तेवढंच नोंदवायचं. 2022 च्या असरमध्ये ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या दर पाच मुलांमागे जेमतेम एक मूल दुसरीचा मजकूर वाचू शकत होतं. त्यामुळे आपल्याकडे फार वेगळं निघेल असं वाटत नव्हतं. कार्डं आम्हीच गंगापूर रोडवर माझ्या घरी बसून लिहिली, मोठ्या टाइपात छापून घेतली आणि जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी निघालो. सावळघाट चढून करंजाळीला चहा, पुढे कच्चा रस्ता.

पहिल्या पाड्यावर शाळेच्या व्हरांड्यात मुलं बसली. मी एकेकाला बोलावून कार्ड देत होते. तिसरीतली एक मुलगी आली. डोक्याला तेल लावून दोन घट्ट वेण्या, हातात पाटीच्या लेखणीचा तुकडा. कार्डावर वाक्य होतं: 'आजीने जात्यावर ज्वारी दळली.' तिने 'आजीने' वाचलं, 'जात्यावर' तुकड्या-तुकड्याने वाचलं आणि 'ज्वारी'पाशी बोट टेकवून थांबली. मी वाट पाहिली. तिने माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. मी नोंद केली: शब्द पायरी. पुढचा मुलगा, तेच. त्याच्या पुढची तर 'आजीने'लाच गप्प झाली. दुपारपर्यंत तिन्ही पाड्यांवरच्या 58 मुलांपैकी परिच्छेद वाचणारी मला नऊ सापडली.

तिसऱ्या पाड्यावर एक तरुण सून आमच्यासाठी पाणी घेऊन आली होती. बारावी झालेली, लग्न होऊन तिथे आलेली. बराच वेळ बघत उभी होती. शेवटी म्हणाली, "बाई, मी विचारून बघू का?" तिने माझ्याजवळचं कार्ड घेतलं, त्या पोराला शेजारी बसवलं आणि कोकणा बोलीत विचारलं की तुझी आजी जात्यावर काय दळते. पोरगं एका दमात म्हणालं, "नागली!" म्हणजे नाचणी. मग त्याने आजीचं, जात्याचं, भाकरीचं इतकं काही सांगितलं की ती हसायला लागली. नंतर तिने बोट पुन्हा कार्डावर ठेवलं, ज्वारी म्हणजे काय ते सांगितलं, आणि त्याने ते वाक्य पुरं वाचलं. पुढची दोनही वाचली.

पेठ-सुरगाण्याच्या डोंगरात भात, नागली, वरई होते. ज्वारी तिथल्या शेतात नसते, हे मला पुस्तकातून माहीत होतं आणि तरी मी ते वाक्य लिहिलं. घरी बोलली जाणारी कोकणा ही किनाऱ्यावरच्या कोकणीपेक्षा वेगळी, मराठीच्या जवळची आणि तरीही सहा वर्षांच्या मुलाला परकी वाटावी इतकी मराठीहून निराळी. शाळेत पहिल्या दिवसापासून पुस्तकी मराठी, त्यात समोर नाशिकची अनोळखी बाई. मूल गप्प बसलं याचा अर्थ त्याला येत नाही असा मी लावत होते. पंधरा दिवसांनी आम्ही कार्डं बदलून पुन्हा गेलो आणि या वेळी विचारायचं काम पाड्यावरच्याच चौघींना दिलं. तेच 58, आणि परिच्छेद वाचणारी निघाली सतरा. सतरा हाही आकडा वाईटच आहे. पण त्या नऊ आणि सतराच्या फरकात आम्हाला काय मागायचं ते सापडलं.

आम्ही जर्मनीला लिहिलं: टॅब्लेट नकोत. तीन पाड्यांवर चार ताई हव्यात, तिथल्याच, मुलांची बोली बोलणाऱ्या. शाळा सुटल्यावर रोज दोन तास. प्रत्येकीला महिना सहा हजार मानधन, वीस महिने. ते होतात 4,80,000. एकूण मागणी 9,60,000 रुपयांची, म्हणजे निम्मा पैसा माणसांवर. उरलेल्यात कोकणा-मराठी शब्दांची चित्रकार्डं, पुस्तकं, दोन सौर दिवे, ताईंचं प्रशिक्षण, प्रवास, लेखापरीक्षण. तिकडून महिनाभर प्रश्न येत राहिले. मानधन थांबल्यावर पुढे काय? सरकारी शिक्षक असताना ताई कशाला? हे प्रश्न योग्य होते. दुसऱ्याचं उत्तर सोपं होतं. द्विशिक्षकी शाळेत चार-पाच इयत्ता, त्यात पोषण आहार आणि ऑनलाइन माहिती भरणं, शाळेच्या बाईंनीच आम्हाला म्हटलं होतं, "कोणीतरी यांच्याशी यांच्या भाषेत बोलणारं द्या हो." त्यांनी शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव करून दिला, वर्गाची किल्ली देऊ केली. पहिल्या प्रश्नाला मी जे उत्तर लिहिलं ते अजून मला पुरेसं वाटत नाही: ताईंपैकी दोघींना डी.एल.एड.ला, म्हणजे शिक्षकाच्या पदविकेला, बसवू, आणि बाकीचं गावाबरोबर मिळून शोधू.

मग कागद. हा भाग कंटाळवाणा आहे, पण ज्यांना यातून जायचंय त्यांच्यासाठी लिहिते.

आमचे एक विश्वस्त कोविडात गेले. त्यांच्या जागी नवीन घेतले, बैठकीच्या इतिवृत्तात ते आहे, पण धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज दाखल करायचा आमच्याकडून राहून गेला. कायद्याने बदल झाल्यापासून 90 दिवसांत तो द्यावा लागतो. त्यामुळे धर्मादाय कार्यालयाच्या नोंदीत नावांची एक यादी, स्वयंसेवी संस्थांची नोंद होते त्या नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर दुसरी. अर्जात प्रत्येक पदाधिकाऱ्याचं आधार, प्रतिज्ञापत्र सगळं जुळायला हवं. आमचंच दुर्लक्ष. उशिराचं कारण देऊन अर्ज केला आणि नोंद दुरुस्त होईपर्यंत पावसाळा उजाडला. हा एक धडा मी भेटेल त्या संस्थेला सांगते: विश्वस्त बदलला की त्याच महिन्यात अर्ज.

मग खातं. एफसीआरएच्या 2020 च्या दुरुस्तीपासून परदेशी देणगी फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत, संसद मार्गावर, उघडलेल्या एफसीआरए खात्यातच घेता येते. अर्जात त्या खात्याचा तपशील लिहावा लागतो, म्हणजे खातं आधी, परवानगी नंतर. दिल्लीला जावं लागत नाही. जवळच्या शाखेतून कागद पाठवता येतात. तिथून पैसा खर्चासाठी इथल्या दुसऱ्या खात्यात आणता येतो, पण तेही खातं या कामापुरतंच. स्थानिक देणगीचे पाचशे रुपयेसुद्धा त्यात टाकायचे नाहीत.

सातही जण एका सकाळी सीबीएस बसस्थानकाजवळ कोर्टात जमलो. शंभराचे मुद्रांक, नोटरीपुढे सह्या. गुरुजी वयाच्या पंचाहत्तरीत जिना चढून आले होते. त्यांनी प्रतिज्ञापत्राची प्रत्येक ओळ वाचली आणि मगच सही केली.

त्याच दुरुस्तीतले आणखी दोन नियम आमच्या आराखड्यावर थेट आले. एक म्हणजे घेतलेली परदेशी देणगी पुढे दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. चार ताईंचं मानधन तिथल्या महिला बचत गटामार्फत द्यावं, म्हणजे गटाकडेही जबाबदारी राहील, असा आमचा विचार होता. तो सोडावा लागला; आता प्रत्येकीच्या बँक खात्यात थेट जातं. दुसरा, प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आली. मला धास्ती होती की मानधन त्यातच मोजलं जाईल आणि सगळं कोसळेल. सीए मॅडमनी नियम काढून दाखवला: संस्थेच्या उद्दिष्टासाठी थेट शिकवणाऱ्यांचा पगार प्रशासकीय धरत नाहीत. त्या दिवशी मी त्यांच्या ऑफिसात बसून डोळे पुसले. चार ताईंना मी आधीच शब्द दिला होता.

सप्टेंबर 2023 मध्ये अर्ज गेला. मधे चौकशी झाली, एक खुलासा मागवला गेला, तो दिला. फेब्रुवारी 2024 मध्ये परवानगी आली, मार्चमध्ये पैसा. फोनपासून सोळा महिने.

त्या सोळा महिन्यांत गुरुजी एकदा म्हणाले ते माझ्या मनात राहिलंय. तेव्हा महाराष्ट्रात जागतिक बँकेच्या साहाय्याचा स्टार्स हा शालेय शिक्षणाचा प्रकल्प चालू होता. सहा राज्यं, एकूण 5,718 कोटींचा प्रकल्प, त्यात बँकेचं कर्ज 50 कोटी डॉलर. निष्पत्ती दिसली की पैसा सुटतो, अशी त्याची रचना. गुरुजी म्हणाले, "ते कर्ज आहे, आपण सगळे फेडणार. म्हणून तिथे मोजायला माणसं आहेत. आपला पैसा त्या पोरांनी धावून दिलाय, परत मागायला कोणी येणार नाही. म्हणून आपणच जास्त कसून मोजायचं."

15 जून 2024 नंतरच्या आठवड्यात वर्ग सुरू झाले. पहिली कार्डं ताईंनीच केली: नागली, वरई, खुरासणी, जातं, टोपली. एका बाजूला घरचा शब्द, दुसऱ्या बाजूला पुस्तकातला. पावसात वीज जायची, मग सौर दिव्याभोवती गोल. ऑगस्टमध्ये मी गेले तेव्हा ती दोन वेण्यांची मुलगी, आता पाचवीत, धाकट्या भावाला कार्ड वाचून दाखवत होती आणि तो चुकला की कोकणा बोलीत दटावत होती. मी व्हरांड्यात उभी राहून ऐकलं, आत गेले नाही.

ऑक्टोबरपर्यंत सगळं चढत गेलं. मग द्राक्षांची छाटणी सुरू झाली. या भागातली कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या बागांत कामाला येतात, छाटणीपासून फेब्रुवारी-मार्चच्या काढणीपर्यंत. काही रोज जीपने जातात-येतात, काही बागेतच राहतात, मुलांना घेऊन. हे आम्हाला माहीत होतं आणि अंदाजपत्रकात आम्ही त्याचा विचारच केला नव्हता. दिवाळीनंतर 58 पैकी 21 मुलं नव्हती. शिक्षण हमी कार्ड घेऊन मूल जिथे जाईल तिथल्या शाळेत बसू शकतं, ही सोय आहे. पण दोन-तीन महिन्यांसाठी अनोळखी शाळेत, बागेपासून दोन किलोमीटर, किती जातात? आमच्या 21 पैकी गेलेली तीन. मार्चमध्ये पुन्हा वाचून घेतलं. पाड्यावर राहिलेल्या 37 पैकी 26 परिच्छेद किंवा त्यापुढे होती. परत आलेल्या 21 पैकी सहा. मी हे दोन आकडे वेगवेगळे करून जर्मनीला कळवले. एकत्र केले असते तर बरे दिसले असते.

जानेवारीत चौघींपैकी एक ताई, जिने त्या दिवशी पाणी आणलं होतं तीच, कोणालाही न सांगता रविवारी एसटीने दिंडोरीला गेली होती. पिशवीत कार्डं. बागेच्या कडेला प्लास्टिकच्या छपराखाली आमच्या पाच पोरांना घेऊन बसली, तर शेजारच्या सुरगाण्याच्या कुटुंबांतलीही येऊन बसली. मला हे तिच्याकडून कळलं नाही, मुलांकडून कळलं. भाडं तिने स्वतःच्या मानधनातून दिलं होतं. मी रागावले तर म्हणाली, "ताई, पोरं विसरतील ना."

आता दुसरा हंगाम सुरू झालाय. 31 डिसेंबरच्या आत एफसी-4 हे वार्षिक विवरणपत्र भरायचंय, त्याची जुळवाजुळव टेबलावर पसरलेली आहे. पण आज त्याआधी मी जर्मनीतल्या संस्थेला दुसरंच पत्र लिहितेय. परवानगी ज्या कामाला मिळाली त्याच कामाला पैसा लागला पाहिजे, म्हणून देणगीदाराचं लेखी मान्यतापत्र हवं आणि सीए मॅडमनाही दाखवायला हवं. पत्रात मागणी अशी: पुस्तकांच्या रकमेतून उरलेले 22,000 रुपये प्रवासाकडे वळवावेत. दोन ताई, नोव्हेंबर ते मार्च, आठवड्यातून दोनदा करंजाळी ते दिंडोरी आणि परत. सोबत त्या छपराखालच्या मुलांची यादी जोडली आहे, फक्त इयत्ता आणि वाचनाची पायरी, नावं नाहीत. अकरा मुलं. त्यातली सहा आमच्या पाड्यांची नाहीत. ती धरायची की नाही, हे मी त्यांना विचारलं आहे, आणि खाली आमचं मत लिहिलं आहे की धरावीत.